अर्धी टाकी

११ मार्च

दादाने आज एक प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आता लिहायला बसले तरी येत नाही.

तुंगार्लीचं काम संपवून निघत होतो. बंगल्याच्या सगळ्या काचा धुऊन टाकीत निम्मं पाणी उरलं होतं. मी म्हटलं, हे इथेच बागेत सोडून देऊ. अर्धी टाकी घेऊन वाडीचा चढ चढायचा नाही. पाणी आत मागेपुढे आदळतं, टाकी जागा सोडते, आणि टाकीच्या मागे दत्तूकाका बसलेले असतात. भरलेली एक वेळ चालेल, रिकामी तर उत्तमच. अर्धी नको. एका दमात सगळं बोलून टाकलं.

दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेच विशेष. मग किल्ली फिरवत म्हणाला, "बरं. मग हौसामावशीला तू सांगशील? उद्यापासनं हंडा घेऊन येऊ नको म्हणून?"

मागून दत्तूकाकांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. दोन म्हणजे चल, एक म्हणजे थांब. गाडी निघाली.

१२ मार्च

कालचं डोक्यातून जात नाही. नीट मांडून बघते.

गाडी म्हणजे जुनी शाळेची व्हॅन. मागच्या सीटा काढून तिथे पाचशे लिटरची काळी टाकी, लोकांच्या गच्चीवर असते तीच, उभी. कुसगावला आमच्या गाळ्यात पाण्याचा फिल्टर आहे, तिथे सकाळी भरायची. या पाण्याने काच धुतली की पुसावी लागत नाही, डाग न पडता वाळते. त्यावरच आमचा धंदा चालतो. टाकीला पंप, पंपाला नळी, नळीला लांब दांड्याचा ब्रश. दोन मजल्यांच्या काचा जमिनीवर उभं राहून.

टाकीला नायलॉनचा दोर. दोन वेढे आणि सीटबेल्टच्या हुकांना गाठी. दादाची सीट आणि टाकी यांच्यामध्ये काही नाही, साधी जाळीसुद्धा नाही. उतारावर ब्रेक लागला की टाकी दादाच्या पाठीकडे. चढाला काकांकडे. काका उलट्या बादलीवर बसतात, मागच्या दाराला पाठ लावून, आणि दोन्ही हातांनी टाकी धरून ठेवतात. वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, चुलतभाऊ ते. धंदा सुरू झाला त्या दिवसापासून आमच्याबरोबर.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अर्धी टाकी म्हणजे चार दत्तूकाका. एक दत्तूकाका रोज संध्याकाळी चार दत्तूकाकांना धरून लोहगडचा चढ चढतात.

हे त्यांना सांगितलं. म्हणाले, "मग तर बरंच की मास्तरीण. चार माझ्यावानी गडी संगं आसल्यावर भ्या कशाचं?"

मला ते मास्तरीणच म्हणतात. बी.एस्सी. झाल्यापासून.

१४ मार्च

आज आईला विचारून बघितलं. उरलेलं पाणी ओतून रिकामी गाडी आणली तर?

तवा खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "पाणी वतून यायचं? कुनाच्या घरची हायेस तू?"

बाहेर हंड्यांची रांग लागली होती. आमच्या आळीच्या बायका, आणि वरच्या आळीच्याही. हौसामावशी वरच्या आळीची. तिच्या घरची भातखाचरं सगळ्यात मोठी. सगळ्यात आधी तीच येते आणि सगळ्यात शेवटी जाते, कारण मध्ये गप्पा. "सुजे, तुमच्या पाण्यात डाळ बघ कशी लोण्यावानी शिजती. टँकरच्या पाण्यात दिसभर टणाटणा उडती."

आमच्या दारासमोर सरकारी नळ आहे. उद्घाटनाचा हार अजून त्याच्या मानेला. फुलं गेली, दोरा राहिला.

१८ मार्च

कुसगावला बाळूभाऊंच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन आले. कागदावर आकृती काढून नेली होती. लोखंडी चौकट, खालून गाडीच्या मूळ सांगाड्याला बोल्टने पक्की. नुसत्या पत्र्याला नाही, पत्रा फाटून येतो. टाकी उभी नको, आडवी, बुटकी, पुढच्या सीटांच्या जवळ. आत दोन आडवे पडदे, म्हणजे पाणी एकदम एका बाजूला धावत नाही. सीटच्या मागे जाळी. काका पुढे, सीटवर, बेल्ट लावून.

बाळूभाऊंनी कागद उलटा धरला, सरळ धरला. "तुजी डिग्री कामाची हाय गं. हे आसंच करत्यात. मोठ्या टँकरच्या आत आसले पडदे आसत्यात." फार बरं वाटलं. मग म्हणाले, "पर मग रविवारचं काय?"

रविवारचं माझ्या लक्षातच नव्हतं.

२२ मार्च

रविवार. काल संध्याकाळी दादाने टाकी उतरवली, चार बोल्ट लावून सीटा बसवल्या. आज सकाळपासून मळवली स्टेशन ते गडाचा पायथा, गड चढायला आलेल्या पोरापोरींच्या खेपा. संध्याकाळी सीटा बाहेर, टाकी आत, दोर. लग्नाची तिथी असली की वऱ्हाड. कोणाचं पोट दुखलं की तेही ह्याच गाडीत.

चौकट गाडीला पक्की केली तर यातलं काही होणार नाही. दादा म्हणाला, "टाकी पक्की केली तर मानसं कुठं बसवू? टपावर?"

बरोबर आहे त्याचं. तो बरोबर असतो तेव्हा मला जास्त हताश वाटतं.

आकृतीचा कागद वहीत ठेवून दिला.

२६ मार्च

हायवेवरच्या ट्रकच्या सामानाच्या दुकानातून खटक्याचे पट्टे आणले. खटका ओढत गेलं की आवळत जातात, वजन सहन करतात, आणि रविवारी काढता येतात. चौकट नाही तर निदान हे. स्वतः बांधून दाखवले. दत्तूकाकांनी टाकीला खांदा लावून ढकलून पाहिलं, हलली नाही. "झकास," म्हणाले.

दादाही काही बोलला नाही. हे मी होकार धरते.

३० मार्च

पट्टे नाहीत. रविवारी पोरांच्या पिशव्या टपावर बांधायला वापरले. तिथून कोणीतरी मांडवाची भांडी बांधायला नेले. एक परत आला, खटका उघडता येईना म्हणून विळ्याने कापलेला.

पुन्हा दोर.

२ एप्रिल

नवी कल्पना. ही नक्की चालेल.

मोठी टाकीच नको. वीस लिटरचे जार, झाकणाचे, एकमेकांना खेटून दोन ओळींत. जार एक तर भरलेला असतो नाहीतर रिकामा. वापरायचा तेव्हा एक एक पूर्ण संपवायचा. अर्धं काही उरतच नाही, त्यामुळे आत आदळणारं पाणीच नाही. सुटला तरी एक सुटेल, सगळं एकदम नाही. रविवारी उचलून ठेवायला सोपे. आणि बायकांना घरी न्यायलाही सोपे.

दादा म्हणाला, "बघू चार दिवस." दत्तूकाका जारांच्या मागे नाही, बाजूला बसले. पाय लांब करून. संध्याकाळी गाडी चढाला लागली तेव्हा मागून काहीच आवाज नव्हता. मी सारखी मागे वळून बघत होते.

७ एप्रिल

जार परत येत नाहीत.

पहिल्या दिवशी दोन कमी. काल सहा. आज गाडीत चारच उरले. बायकांनी भरलेले जार उचलून घरात नेले ते नेलेच. "उद्या देते गं." हौसामावशीच्या ओट्यावर एकात ज्वारी भरून ठेवलेली दिसली. आमच्याच घरात एकात आईने तांदूळ भरलेत, ते मला आज कळलं. माझ्या आईने.

म्हटलं, आई, अगं.

"उंदीर लागत न्हाई त्यात," ती म्हणाली.

दादा फार वेळ हसला. मी पण हसले शेवटी. मग त्याने काळी टाकी परत चढवली.

९ एप्रिल

आज काम फार थोडं होतं. एका नव्या बंगल्याची पुढची बाजू, बस. मालकीणबाई तीन वेळा बाहेर येऊन गेल्या. "पाणी फिल्टरचंच आहे ना? डाग नको हं." त्यांचा पोहण्याचा तलाव त्याच वेळी टँकरने भरत होते.

टाकीतलं पाव पाणीही लागलं नाही. मग सकाळी काठोकाठ भरली कशाला? हे मी दादाला विचारलं. त्याने सरळ सांगून टाकलं. "भरली तर उरतंय."

म्हणजे मी इतके दिवस ज्याला उरलेलं पाणी म्हणत होते ते उरलेलं नाहीच. तेच मुख्य. काचा हे निमित्त. दादा रोज वाडीसाठी पाणी भरतो आणि वाटेत थोड्या काचा धुतो.

मला त्याच्याबद्दल फार माया वाटली आणि त्याच क्षणी फार भीती वाटली. या दोन्हींचं काय करायचं असतं, कोण जाणे.

१३ एप्रिल

उद्या जयंती. गाडीला निळ्या पताका. दादाने टाकी धुतली, आतून, बाहेरून. मिरवणुकीत आमच्या गाडीचं पाणी. नुकतीच लग्न होऊन आलेली वहिनी टाकीवर रांगोळीच्या रंगाने चक्र काढत बसली होती. चांगलं काढलं.

दोराच्या गाठी मी स्वतः तपासल्या. नवा दोर मागितला. "उद्या झाल्यावर," दादा म्हणाला.

१५ एप्रिल

काल लिहिता आलं नाही.

मळवलीत मिरवणूक छान झाली. लोक ओंजळी करून, बाटल्या धरून पाणी घेत होते. मी नळीपाशी होते. आप्पा पांढऱ्या कपड्यांत, गाडीच्या पुढे चालत. उन्हं उतरली तशी आम्ही मळवली सोडली. टाकी अर्धी होती.

तिसऱ्या वळणाला पुढची एक गाडी बंद पडून उभी. दादाने ब्रेक लावला. थोडा वेळ आम्ही चढावर तसेच थांबलो. ती हलली, दादाने क्लच सोडला, गाडीने आचका दिला. मागे पाणी आदळल्याचा आवाज. मग वेगळाच, घासत गेल्याचा. मी ओरडले, काका. दादाने मान वळवली.

पत्र्यावर दोन थापा पडल्या. दोन. म्हणजे चल.

आम्ही वर आलो. बायका नटून आल्या होत्या, जयंतीचा दिवस. मागचं दार उघडलं. काका बादलीवर नव्हते, खाली बसले होते, टाकी त्यांच्या अंगाशी. म्हणाले, "आधी पाणी सोडा, म्हंजे हलकी व्हईल." ते बरोबरच होतं. हंडे भरत गेले. मी नळी धरली होती. पाचसहा हंडे झाल्यावर माझं लक्ष त्यांच्या चपलेकडे गेलं.

पंजा टाकी आणि दाराच्या कडेमध्ये. एवढा वेळ.

१६ एप्रिल

लोणावळ्याच्या दवाखान्यात. पायाच्या पंजाची हाडं मोडलीत. प्लॅस्टर. बोटं राहतील म्हणतात.

डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं. काका म्हणाले, "धोंडा पडला, साहेब."

मी तोंड उघडलं तर दादाने माझा हात दाबला. हात दाबला नसता तरी मी बोलले असते का, सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर काकांना विचारलं, एक थाप का नाही मारली? थांबवलं असतं.

"चढावर थांबवून काय केलं आसतं? पुन्ना आचका, पुन्ना मागं आली आसती. आन बाया ताटकळत हुत्या." मग जरा वेळाने, "तू रडू नगं. मास्तरीण रडली म्हंजे पोरं काय शिकणार?"

१९ एप्रिल

दादा तीन दिवस बोललेला नाही. काकांच्या घरी दोन वेळचा डबा पोचवतो, ओट्यावर बसून राहतो, परत येतो. काकू त्याला काही बोलत नाहीत. त्या बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

टाकीवरचं वहिनीचं चक्र पुसट झालंय, पण आहे. ज्या बाजूने काकांचा पाय होता त्या बाजूचं गेलं.

२१ एप्रिल

गाडी आज परत कामाला. काकांच्या जागी कोणी नाही. टाकीच्या मागे दगड लावले, दोन. संध्याकाळी टाकी अर्धी. मी पुढे बसून मागचा आवाज ऐकत राहिले. डाव्या वळणाला उजवीकडे, उजव्या वळणाला डावीकडे. दादाच्या मानेवर घाम. म्हणजे त्यालाही ऐकू येतो.

हौसामावशीने हंडा भरताना विचारलं, "दत्तूचा पाय कसा हाय?" मी म्हटलं, बरा आहे. "लय वाईट झालं गं. गरीब बिचारा." हंडा डोक्यावर घेतला. "उद्या जरा लौकर या. पाव्हणे यायचेत."

तिला त्या दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या दिसत नाहीत. दिसाव्यात असं तिला कोणी सांगितलंही नाही. मीही नाही.

२४ एप्रिल

आप्पांशी बोलले. ते आयुष्यभर तुंगार्लीच्या बंगल्यांतून माळीकाम करत आले. दुसऱ्यांची हिरवळ भिजवली. वाटलं, त्यांना पटेल.

सगळं सांगितलं. अर्धी टाकी काय करते, काकांचं काय झालं, पुढच्या वेळी पायावर भागणार नाही. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, रोज बसतात तसे. पाणी वाटून होईपर्यंत उठत नाहीत.

म्हणाले, "माजी आय वरच्या आळीच्या हिरीच्या खाली बसायची. घागर घेऊन. वर चढायचं न्हाई. कुनीतरी यील, वाईच लांबनं वतंल. कदी यायचं, कदी न्हाई. मी शेजारी बसायचो. ऊन लागायचं."

मग हंड्यांच्या रांगेकडे बोट केलं. वरच्या आळीच्या चारजणी होत्या, त्यात हौसामावशी.

"आता कोन कुनाच्या दारात आलंय?"

मी रांगेकडे बघितलं.

"आन आपुन कुनाला बसवून ठेवतो का? वर चढू देत न्हाई का? सगळ्यांस्नी देतो. आदी येईल त्याला आदी. हे तू बंद करनार?"

बोलताना आवाज चढला नाही त्यांचा. मी आत येऊन भाकरी थापायला बसले. तीन करपल्या.

२५ एप्रिल

मला कालपर्यंत वाटत होतं, समजावून सांगितलं की माणसं ऐकतात. कॉलेजात फळ्यावर काढलं की सगळं सुटायचं. इथे सगळ्यांना समजलंय. दादाला, आप्पांना, काकांना तर सगळ्यांत जास्त. समजून कोणी काही करत नाही, आणि प्रत्येकाकडे कारण आहे. एकाही कारणाला मला खोटं म्हणता येत नाही.

२८ एप्रिल

ग्रामपंचायतीत गेले. टँकर का येत नाही? आधी आठवड्यातून निदान एकदा यायचा.

ग्रामसेवक चांगले आहेत, बसा म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या वाडीला पाणी आहे ना. तुमच्या भावाची गाडी येते रोज. म्हणून तो टँकर आम्ही पलीकडच्या वाडीला वळवला. तिकडं अगदीच काही नाही."

मी म्हटलं, ती काचा धुण्याची गाडी आहे.

"पण पाणी येतंय ना?"

येतंय.

"बंद झालं की सांगा. मग बघता येईल."

परतीला चालत आले. उन्हात गड अगदी जवळ दिसत होता. दादाने पाणी दिलं म्हणून टँकर गेला, टँकर गेला म्हणून दादाला पाणी द्यायलाच हवं. आणि यात मधोमध उलटी बादली.

दादाला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "मग बंद करून बघायचं? आन टँकर न्हाई आला तर? यांचं बघतो म्हंजे पावसापर्यंत बघत बसतील."

पुन्हा बरोबर.

१ मे

काम भरपूर. सुट्टीचे बंगले सगळे भरलेत. मुंबईचे लोक काचेतून दरी बघतात आणि काच दिसत नाही म्हणतात. हे कौतुक असतं आमचं.

दगड दोनचे चार झालेत. आज उतारावर एक दगड गडगडत पुढे आला, माझ्या सीटखाली. दादाने नुसतं खाली बघितलं.

नवा दोर अजून आणलेला नाही. मी आणला असता. आणला नाही. दोर चांगला असला की सगळ्यांना वाटणार, आता झालं.

४ मे

सकाळी कुसगावला गाळ्यावर पोचलो तर दत्तूकाका आधीच येऊन बसलेले. प्लॅस्टरच्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी, वरून सुतळीने बांधलेली. भिजू नये म्हणून.

दादा म्हणाला, "काका, घरी जा."

"घरी भिंतीकडं बघून याड लागलं. दगडाला काय कळतंय कवा धरायचं, कवा सोडायचं? मला कळतंय."

दादाने अजून एकदा, जा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं ते तेवढं जोरात नव्हतं. मला ऐकू आलं ते. काकांनाही आलं असणार. ते बादली उलटी करून चढून बसले. पाय सरळ पुढे, पिशवीसकट टाकीला टेकवून.

मी म्हटलं, पुढे बसा, मी मागे बसते. दोघं एकदम म्हणाले, गप.

संध्याकाळी चढाला दोन थापा. पूर्वीसारख्याच.

५ मे

आज दिवसभर दादाशी, काकांशी, कोणाशीच या विषयावर बोलले नाही. दादाने दोनदा विचारलं, बरी आहेस ना?

७ मे

काल घडलं ते आज लिहिते आहे. सकाळी लिहायला बसले तर वहीत तो आकृतीचा कागद सापडला. तो तसाच ठेवला.

काल मळवलीला दादा चहाला उतरला. नेहमी उतरतो, चढाच्या आधी. टाकी अर्ध्याच्या जरा वर होती. मी मागचं दार उघडलं. म्हटलं, काका, पाय घ्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय बाजूला घेतला.

मी टाकीचा कॉक पूर्ण उघडला.

पाणी खडीतून रस्त्याच्या कडेच्या वाळक्या गवतात गेलं. वेळ लागला. मला वाटलं होतं लगेच होईल. एक कुत्रं आलं, घाबरत घाबरत प्यायलं. कोणी एक बाई थांबली. "अगं पाणी चाललंय तुमचं," म्हणाली. मी हो म्हटलं. ती उभी राहून बघत राहिली, मग गेली.

काकांनी विचारलं, "सगळं?"

"सगळं."

त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली काढली, त्यातलं शिळं पाणी पिऊन टाकलं आणि बाटली धारेखाली धरली. भरली तसं झाकण लावून पिशवीत ठेवली. "एवढं तरी," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटचा थेंब गेल्यावर मी पान्याने कॉक काढून घेतला. बॅगेत टाकला, टाकी पुन्हा भरता येऊ नये म्हणून.

दादा आला. ओली खडी बघितली, मला बघितलं. मला वाटलं हात उचलेल. तो उभाच राहिला. मग एवढंच म्हणाला, "मी न्हाई सांगनार वर जाऊन."

"मी सांगते."

गाडी चढाला लागली. मागे काही आदळलं नाही. तिसऱ्या वळणालाही नाही. काकांनी थापा मारायच्या, त्या मारल्या नाहीत. धरायला काही नव्हतं. मी वळून बघितलं तर ते हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, असं वाटलं.

अंगणात रांग होती. आप्पा खुर्चीवर. हौसामावशी पहिली. "आज लौकर आलात की."

मी खाली उतरले. म्हटलं, मावशी, पाणी नाही.

"संपलं व्हय?"

"संपलं नाही. मी ओतलं. मळवलीला."

"वतलंस?"

"काकांचा पाय धोंड्याने मोडला नाही. या पाण्याने मोडला. पाणी अर्ध्या टाकीत असलं की टाकी मागे येते, आणि ते मागे बसलेले असतात. म्हणून ओतलं. उद्यापण आणणार नाही. परवापण नाही. पंचायतीत चला म्हणाल तर मी सगळ्यांबरोबर येईन. तुम्ही आलात तर टँकर येईल कदाचित. नक्की नाही सांगू शकत."

असं पाठ केल्यासारखं बोलले. पाठच केलं होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "शिकलेली हाय ना." कोण ते मी बघितलं नाही. हौसामावशीने काकांच्या पिशवीतल्या पायाकडे बघितलं, बराच वेळ. मग आप्पांकडे. आप्पा उठले. खुर्ची उचलून आत घेऊन गेले. ती खुर्ची आत कधीच नेत नाहीत, तिथेच असते.

मावशीने हंडा खाली आडवा ठेवला आणि रिकाम्या हातांनी वर गेली. का ठेवला, ते कळलं नाही. रागाने, की उद्यासाठी नंबर लावून.

आज सकाळी आई माझ्याशी बोलली नाही, पण भाकरी वाढली. आप्पा घरात भिंतीकडे तोंड करून. दादा मला न घेता गेला. काकांना घेऊन गेला की नाही, माहीत नाही. नवा कॉक लोणावळ्यात कुठल्याही दुकानात मिळतो. हे मला कालही माहीत होतं.

हंडा अजून अंगणात आहे.

मावशीला सांगायचं होतं, ते सांगून झालं.